एकमेकांचं काम तपासताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थ्यांनी एकमेकांचं काम तपासायचं, म्हणजे सहाध्यायी मूल्यमापन, याबद्दल प्राध्यापक आणि शिक्षकांची बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांच्या कॉलेजात मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली आहे, त्यामुळे उत्तरं मुख्यतः मूडलमधल्या ‘वर्कशॉप’ या ॲक्टिव्हिटीला धरून दिली आहेत.

आमच्या बी.एड. महाविद्यालयात ६० छात्राध्यापकांनी पाठ टाचणं (धडा कसा शिकवायचा याचे आराखडे) अपलोड करायची आणि एकमेकांची तपासायची, असं ठरवलं आहे. ‘असाइनमेंट’ मला येतं, पण ‘वर्कशॉप’ उघडल्यावर सेटिंग्जची लांबलचक यादी दिसली. सुरुवात कुठून करू?
*– प्राध्यापिका, कोल्हापूर*

कागदावर निकष लिहिण्यापासून. सेटिंग्ज अर्ध्या तासात होतात. निकष मात्र कच्चे राहिले तर पुढचं सगळं बिघडतं आणि मग दोष मूडलला दिला जातो.

“उद्दिष्टं स्पष्ट आहेत का?” हा निकष तपासणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा नाही. एकाला स्पष्ट वाटेल, दुसऱ्याला नाही, आणि दोघंही बरोबर असतील. त्याऐवजी डोळ्यांनी शोधता येईल असं लिहा: “प्रत्येक उद्दिष्टात विद्यार्थी काय करून दाखवेल, ते क्रियापदात आलं आहे.” मग पातळ्या लिहा. सगळी उद्दिष्टं ‘समजेल’, ‘माहिती होईल’ अशी असतील तर ०. निम्मी तरी ‘वर्गीकरण करतो’, ‘आकृती काढून नावं देतो’ अशी मोजता येण्याजोगी असतील तर २. सगळी तशी असतील तर ४. असे चार किंवा पाच निकष पुरेत: उद्दिष्टं, आशयाची अचूकता, विद्यार्थ्यांच्या कृती, फलकलेखन आणि शेवटचं मूल्यमापन. आठ-दहा निकष ठेवले की तिसऱ्या टाचणापर्यंत तपासणारा थकतो आणि सगळीकडे मधली पातळी निवडत सुटतो.

वर्कशॉपमध्ये गुण देण्याच्या चार पद्धती आहेत. ‘ॲक्युम्युलेटिव्ह’मध्ये प्रत्येक निकषाला थेट गुण देतात, ‘नंबर ऑफ एरर्स’मध्ये हो-नाही अशी उत्तरं, ‘रुब्रिक’मध्ये लिहिलेल्या पातळ्यांतून एक निवडायची आणि ‘कॉमेंट्स’मध्ये फक्त शेरे. कॉमेंट्स निवडलंत तर तपासलेल्या प्रत्येक कामाला आपोआप १०० टक्के गुण पडतात, म्हणून ती पद्धत कच्च्या खर्ड्यापुरतीच वापरा. टाचणासाठी रुब्रिक सगळ्यात योग्य.

रुब्रिकमधली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सगळ्या निकषांत खालची पातळी मिळाली म्हणजे शून्य टक्के, असं मूडल धरतं; त्या पातळीला तुम्ही किती गुण लिहिलेत, याने फरक पडत नाही. समजा, पाच निकष आहेत आणि पातळ्या १ ते ४ आहेत. एखाद्याला प्रत्येक निकषात २ मिळाले, म्हणजे २० पैकी १०. आपल्या हिशेबाने हे ५० टक्के. मूडल मात्र किमान बेरीज ५ वजा करून १५ पैकी ५, म्हणजे ३३ टक्के धरतं. ८० गुणांच्या कामात ४० ऐवजी साधारण २७ दिसतात आणि विद्यार्थी चिडतात. पातळ्या ० पासून सुरू करा, हा प्रश्न उरणार नाही.

निकष पक्के झाले की मूडलवर या. वर्कशॉप पाच टप्प्यांत चालतं: सेटअप, सबमिशन, असेसमेंट, ग्रेडिंग इव्हॅल्युएशन आणि क्लोज्ड. पहिल्या टप्प्यात सूचना लिहा, ‘असेसमेंट फॉर्म’मध्ये निकष भरा आणि ‘यूज एक्झाम्पल्स’ चालू करून दोन नमुना टाचणं टाका. एक मध्यम दर्जाचं घ्या. दुसरं दिसायला देखणं, पण कृतींच्या बाबतीत पोकळ असं घ्या, कारण नवखा तपासनीस हमखास तिथेच फसतो. दोन्ही नमुने तुम्ही स्वतः तपासून ठेवायला हवेत. ते राहिलं, तर विद्यार्थ्याला आपली तपासणी कशाशी ताडून बघायची तेच कळत नाही. नमुने तपासल्याशिवाय स्वतःचं काम देता येणार नाही, असा पर्याय आहे, तोच निवडा. निकष हातात घेऊन दोन टाचणं तपासलेला छात्राध्यापक स्वतःचं टाचण वेगळं लिहितो, आणि या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा तोच आहे. नमुने दुसऱ्या घटकावरचे घ्या, म्हणजे कुणी उतरवून काढणार नाही. नमुन्यांच्या तपासणीचे गुण अंतिम गुणांत येत नाहीत, हेही सांगून ठेवा.

असेसमेंट टप्पा सुरू झाल्यावर फॉर्मला हात लावू नका. अर्ध्यांनी जुन्या निकषांवर तपासलं आणि अर्ध्यांनी नव्या, तर ते गुण पुन्हा जुळवता येत नाहीत.

काम जमा करायची मुदत संपली, टप्पाही बदलला, पण विद्यार्थ्यांना तपासायला काहीच दिसत नाही. काय राहिलं?
*– अधिव्याख्याता, नाशिक*

वाटप राहिलं. टप्पा बदलला म्हणजे वाटप झालं, असं नसतं. ‘सबमिशन अलोकेशन’मध्ये जाऊन ‘रँडम’ निवडा, प्रत्येक कामाला ३ तपासनीस द्या आणि सेव्ह करा. दोनच दिले तर काय होतं, ते पुढच्या उत्तरात येईल. पाच दिले तर प्रत्येकाला पाच कामं तपासावी लागतात आणि दर्जा घसरतो. अभ्यासगट केलेले असतील तर एकाच गटातल्यांनी एकमेकांचं तपासू नये, अशी खूण तिथेच करता येते.

‘शेड्यूल्ड अलोकेशन’ने वाटप आपोआपही होतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: जमा करायची शेवटची तारीख भरलेली हवी, मुदत संपताच पुढच्या टप्प्यात जाण्याची खूण केलेली हवी आणि सर्व्हरवर मूडलचं क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप उरकणारी सोय) नियमित चालू हवं. कॉलेजच्या सर्व्हरवर अडतं ते बहुधा या तिसऱ्या ठिकाणी. आमचं मत विचाराल तर पहिल्या खेपेला हातानेच वाटप करा. रविवारी रात्री मुदत संपवा, सोमवारी सकाळी यादी बघा, कोरी किंवा चुकीची फाइल टाकलेल्यांना गाठा आणि मगच वाटप करा. कोरी फाइल वाट्याला आली, तर तीन जणांचा वेळ फुकट जातो.

ज्याने स्वतः काही जमा केलं नाही, त्याला रँडम वाटपात तपासायलाही काम मिळत नाही. हवं असेल तर तशी वेगळी खूण करावी लागते. उशिरा आलेली कामं ‘लेट सबमिशन’ चालू असेल तर जमा होतात, पण वाटप आधीच झालेलं असल्याने त्यांना तपासनीस नसतो. तिथे ‘मॅन्युअल’मध्ये एकेक नाव जोडावं लागतं.

एका मुलीला तिघांनी ७०, ८० आणि ४५ टक्के दिले. ४५ देणाऱ्याने वैर काढलं, असं ती म्हणते. दुसरीकडे दोन मित्रांनी एकमेकांना भरभरून गुण दिलेत. हे न्याय्य कसं करायचं?
*– सहायक प्राध्यापक, अमरावती*

आधी गुण कसे निघतात ते पाहू. वर्कशॉप प्रत्येकाला दोन वेगळे गुण देतं: स्वतःच्या कामाचे आणि तपासणीचे. मूळ सेटिंग ८० आणि २० असं असतं. गुणपत्रकातही ते दोन वेगळ्या रकान्यांत जातात.

कामाचे गुण म्हणजे तपासणाऱ्यांच्या गुणांची सरासरी. इथे ७०, ८०, ४५ ची सरासरी ६५ टक्के, म्हणजे ८० पैकी ५२. एकाच तपासणीने एवढं खाली ओढलं. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. ४५ देणाऱ्याचे शेरे वाचा. निकषांना सोडून लिहिलं असेल तर त्या तपासणीचं ‘वेट’ (सरासरीतलं वजन) ० करा. सरासरी ७५ टक्के, गुण ६०. मात्र शेरे मुद्द्याचे असतील आणि फक्त हात आखडता असेल, तर त्याची तपासणी काढून टाकणं अन्यायाचं होईल. अशा वेळी तुम्ही स्वतः ते टाचण तपासा आणि तुमच्या तपासणीचं वेट वाढवा. ते १६ पर्यंत नेता येतं. तुम्ही ७४ टक्के देऊन वेट ३ ठेवलंत तर हिशेब असा: ७०, ८०, ४५ आणि तीनदा ७४, भागिले ६, म्हणजे ६९.५ टक्के, ८० पैकी ५५.६. गुण थेट बदलण्याची सोयही आहे, पण ती शेवटचा उपाय म्हणून ठेवा. विद्यार्थ्याला आपला गुण कुठून आला हे दाखवता आलं पाहिजे.

तपासणीच्या २० गुणांचं गणित वेगळं आहे. एका कामाच्या सगळ्या तपासण्यांची सरासरी काढून तिच्या सर्वांत जवळची तपासणी मूडल ‘उत्तम’ मानतं आणि तिला पूर्ण गुण देतं. बाकीच्यांचे गुण तिच्यापासूनच्या अंतराप्रमाणे कमी होतात. ही तुलना निकषवार होते, त्यामुळे बेरीज सारखी येऊनही निकषांतले गुण वेगळे असले तर गुण कापले जातात. दोनच तपासनीस असले तर दोघंही सरासरीपासून सारख्याच अंतरावर असतात आणि दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. मग एकाने ३० दिले असोत आणि दुसऱ्याने ९०. किमान तीन हवेत ते यासाठी.

तीन असूनही एक धोका उरतो, आणि तो आम्हाला गंभीर वाटतो. तिघांपैकी दोघांनी मैत्रीखातर उधळून गुण दिले, तर सरासरी त्यांच्या बाजूला झुकते आणि प्रामाणिकपणे तपासणाऱ्या तिसऱ्याचेच गुण कापले जातात. म्हणून अंतराप्रमाणे गुण किती कडकपणे कापायचे ते ठरवणारं ‘कंपॅरिझन ऑफ असेसमेंट्स’ हे सेटिंग पहिल्या खेपेला ‘फेअर’ (मध्यम) किंवा ‘लॅक्स’ (सैल) एवढंच ठेवा, कडक करू नका. तिघांच्या गुणांत मोठी तफावत असलेली कामं निवडून ती स्वतः तपासा. तुमच्या जड वेटमुळे सरासरी योग्य जागी येते आणि प्रामाणिक तपासनिसाला त्याचे गुण परत मिळतात. शेवटी ‘रिकॅल्क्युलेट ग्रेड्स’ दाबायला विसरू नका. अहवालात तपासणाऱ्याच्या गुणांच्या जागी नुसती रेघ दिसली, तर त्याने ते काम तपासलेलंच नाही; टप्पा बंद करण्याआधी अशा सगळ्यांना कळवा.

शेरा म्हणून सगळेजण ‘छान’, ‘खूप छान’, ‘सुंदर मांडणी’ एवढंच लिहितात.
*– शिक्षिका, सोलापूर*

‘ओव्हरऑल फीडबॅक’ सक्तीचा करता येतो, पण किमान किती शब्द हवेत हे ठरवता येत नाही. एक शब्द लिहिला तरी मूडल स्वीकारतं. म्हणून तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांत तीन नेमक्या गोष्टी मागा. टाचणातलं एक वाक्य उतरवून ते का चांगलं आहे ते सांगा. एक कृती निवडा आणि ती वर्गात कुठे अडेल ते सांगा. एक बदल सुचवा, तोही पाच मिनिटांत करता येईल असा. मुलं ‘छान’ लिहितात ती आळसाने कमी आणि मित्राला वाईट वाटू नये म्हणून जास्त. काय लिहायचं ते नेमकं ठरवून दिलं की हा संकोच बराच कमी होतो.

कोणी कोणाचं तपासलं हे कळू नये असं वाटतं. नावं लपवता येतात का?
*– प्राध्यापक, पणजी*

येतात. त्या वर्कशॉपच्या ‘परमिशन्स’मध्ये जाऊन ‘व्ह्यू ऑथर नेम्स’ आणि ‘व्ह्यू रिव्ह्यूअर नेम्स’ या दोन्हींतून ‘स्टुडंट’ भूमिका काढून टाका. तुम्हाला नावं दिसतच राहतात. पण नाव मूडलमधून गेलं तरी फाइलमध्ये राहतं: फाइलच्या नावात, टाचणाच्या पहिल्या ओळीत, वर्डच्या ‘ऑथर’ नोंदीत. फाइलला फक्त घटकाचं नाव द्यायला सांगा, पीडीएफच घ्या आणि सराव शाळेचं नावही गाळायला लावा. छोट्या वर्गात शाळेवरूनही माणूस ओळखू येतो.

आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांकडे फक्त मोबाइल आहे आणि टाचण वहीतच लिहिलेलं असतं.
*– शिक्षक, गडचिरोली*

मूडलच्या मोबाइल ॲपवर वर्कशॉप चालतं, तेव्हा कॉम्प्युटरवाचून अडत नाही. सुटे फोटो मात्र घेऊ नका. तपासणाऱ्याला आठ फोटो एकेक करून उतरवावे लागतात आणि पानांचा क्रमही बिघडतो. फोनवरच्या स्कॅनिंग ॲपने सगळ्या पानांची एकच पीडीएफ करायला शिकवा, फाइल साधारण २ एमबीच्या आत ठेवायला सांगा आणि सेटिंगमध्ये जास्तीत जास्त एकच फाइल ठेवा. तपासणीला किमान पाच दिवस द्या. रेंज आणि वीज दोन्ही एकाच वेळी मिळायला दोन दिवस सहज जातात.

चौघांनी मिळून केलेला प्रकल्प वर्कशॉपमध्ये देता येतो का?
*– प्राध्यापिका, पुणे*

गटाच्या वतीने एकच काम जमा करण्याची सोय वर्कशॉपमध्ये नाही. प्रत्येक गटातल्या एकानेच जमा करायचं आणि बाकीच्यांना हाताने तपासणी वाटायची, अशी वाट काढता येते, पण कामाचे गुण एकट्याच्या नावावर पडतात आणि उरलेल्यांचे हाताने भरावे लागतात.

आमच्याकडे मूडल नाही. गूगल फॉर्म आणि शीटवर हे जमेल?
*– शिक्षक, सातारा*

तीसेक विद्यार्थ्यांपर्यंत नीट जमतं. आधी हजेरीतली नावं शीटमध्ये ‘रँडमाइझ रेंज’ने उलटसुलट करा, कारण हजेरीत शेजारी असलेले वर्गातही बऱ्याचदा शेजारीच बसतात. मग नव्या यादीत १ पासून क्रमांक द्या. प्रत्येकाने आपल्यापुढच्या १, ४ आणि ९ जागांवरची कामं तपासायची. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. अशाने प्रत्येकाला बरोबर तीन कामं आणि तीन तपासनीस मिळतात. वीसपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर कोणतेही दोघं एकमेकांचं तपासत नाहीत, म्हणजे परतफेडीचे गुण टळतात. त्याहून लहान वर्गात दोघं समोरासमोर येऊ शकतात, तेव्हा यादी एकदा नजरेखालून घाला. फॉर्ममध्ये कामाचा सांकेतिक क्रमांक विचारताना तो ड्रॉपडाउनमधून निवडायला लावा. टाइप करायला दिला तर कोणी ०७ लिहितं, कोणी ७, आणि शीटमधली जुळणी फसते. गुण काढताना सरासरीऐवजी ‘मीडियन’ हे सूत्र वापरा: वरच्या उदाहरणातल्या ४५, ७०, ८० चं उत्तर ७० येतं आणि एका टोकाच्या गुणाने कोणाचं नुकसान होत नाही. फॉर्मची उत्तरं विद्यार्थ्यांना थेट दाखवू नका. प्रत्येकाला आपापले शेरे मेलने पाठवा, आणि त्याआधी स्वतः वाचून घ्या.