दुरुस्तीनंतर अधूनमधून लागणारे एबीएसचे दिवे : सेन्सर बदलण्यापूर्वी काय पाहावे

आपण लिहिले आहे की, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग बदलून घेतल्यापासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (गाडी घसरू लागल्यास सावरणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) हे तिन्ही दिवे अधूनमधून एकदम लागतात, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की जातात, आणि सेंटरमध्ये नेल्यावर ‘आत्ता तर काही दिसत नाही, सेन्सर बदलून बघू’ असे उत्तर मिळते. सेन्सर बदलण्यास आपण एवढ्यात होकार देऊ नये, असे माझे मत आहे.

तीन दिवे लागले म्हणून बिघाड तीन आहेत असे नसते. चारही चाकांपाशी असलेल्या सेन्सरांकडून येणारा वेग एबीएसचा कंट्रोलर सतत वाचत असतो आणि ईएसपी व हिल होल्ड या सोयीही त्याच माहितीवर चालतात. त्यामुळे एका चाकाचा संकेत क्षणभर जरी तुटला, तरी कंट्रोलर या सर्व सोयी बंद करून दिवे लावतो. बेअरिंग बदलताना नेमका हाच सेन्सर किंवा त्याची वायर बाजूला करावी लागते, म्हणून संशयाची पहिली जागा तीच.

माझ्या गाडीत दोन वर्षांपूर्वी हेच घडले होते. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढणीवर, उजवीकडच्या वळणांवरच दिवे लागत, आणि सपाट रस्त्यावर तासभर चालवूनही काही होत नसे. सेंटरच्या आवारात एक फेरी मारून ‘गाडी ठीक आहे’ असे मला दोनदा सांगण्यात आले. तिसऱ्या वेळी मी दिवे लागल्याची तारीख, वेळ, अंदाजे वेग आणि स्टिअरिंग कोणत्या बाजूला वळवले होते हे सगळे लिहून नेले, मीटरचा फोटो दाखवला आणि मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी चालवली. वायर शॉकअपला धरून ठेवणारी क्लिप परत बसवलीच नव्हती आणि मडगार्डच्या आतला कप्लर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, अर्धाच लागलेला होता. चाक पूर्ण वळले की वायर ताणली जाऊन संपर्क तुटत होता. नवा सेन्सर न घालता, कप्लर नीट दाबून आणि क्लिप बसवून ते काम संपले.

आपणही प्रथम कोड, म्हणजे कंट्रोलरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, पुसू देऊ नका. दिवा गेला तरी कोड बहुधा कंट्रोलरच्या स्मृतीत राहतो; पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरसाठी बऱ्याच गाड्यांत सी००३५ हा कोड येतो. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा केवळ इंजिनाचे कोड वाचतात, तेव्हा त्यावर काही दिसले नाही यावरून एबीएस निर्दोष आहे असे ठरत नाही. सेंटरच्या स्कॅनरवर चारही चाकांचा चालू वेग एकत्र पाहायला सांगा. सरळ रस्त्यावर हे चार आकडे जवळजवळ सारखे असतात, आणि ज्या चाकाचा आकडा मध्येच शून्यावर पडतो तिथे दोष शोधायचा असतो.

बेअरिंगचाही विचार करायला हवा. आजच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंगच्या एका कडेला चुंबकीय चकती असते आणि सेन्सर तीच वाचतो. ते बेअरिंग उलटे दाबले गेले तर संकेत मुळीच येत नाही आणि गाडी थोडी पुढे सरकताच दर वेळी दिवा लागतो. आपला दिवा अधूनमधून लागतो, म्हणून मी आधी कप्लर आणि वायर पाहीन. मात्र कोरड्या रस्त्यावर सावकाश थांबताना, अगदी शेवटच्या क्षणी पेडल पायाखाली थरथरत असेल, तर सेन्सरच्या बैठकीवरील गंज, लोखंडाचा कीस किंवा चकतीला बसलेला मार यांपैकी काही असू शकते, आणि ते चाक उघडावेच लागेल. बॅटरीचे टर्मिनल सैल असेल तर दिवे बहुधा सेल्फ मारताना लागतात. ते हाताने हलवून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

तोवर गाडी चालवता येईल का, हेही आपण विचारले आहे. केवळ पिवळे दिवे असतील तर साधे ब्रेक काम करतात, पण जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरू शकते, म्हणून पावसात वेग कमी आणि पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. त्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी सुरक्षितपणे बाजूला घ्या, ब्रेक ऑइल तपासा आणि ती चालवत नेऊ नका.

सेंटरमध्ये जाताना जुने जॉब कार्ड सोबत न्या आणि नव्या जॉब कार्डवर ‘बेअरिंग बदलल्यानंतर सुरू झालेली तक्रार’ असे शब्द लिहून घ्या, कारण काम त्यांच्याच हातून अर्धवट राहिले असेल तर पुन्हा मजुरी आकारणे योग्य नाही. ते ऐकत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. दुरुस्ती झाल्यावर ज्या रस्त्यावर दिवे लागत होते त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहा, कोड पुन्हा वाचून घ्या आणि त्यानंतरच जॉब कार्डवर सही करा.