पेरुन आणि पर्जन्य ही नावं एकाच मुळाची आहेत का?

मोह होतो खरा, पण थेट 'हो' म्हणता येत नाही.

पेरुन हा स्लाव्ह (रशियन, पोलिश वगैरे) लोकांचा मेघगर्जनेचा देव, तर पर्जन्य हा ऋग्वेदातला पावसाचा देव. त्याच्या नावाची सर्वात सरळ फोड स्लाव्ह भाषांतच सापडते: 'पेर्' म्हणजे मारणे, हाणणे आणि '-उन' हा कर्ता दाखवणारा प्रत्यय. रशियनमध्ये आजही धावणाऱ्याला 'बेगून' म्हणतात, त्यातला '-उन' हाच. म्हणजे पेरुन हा 'हाणणारा'. पोलिश भाषेत 'प्योरुन' म्हणजे चक्क वीज. गंमत म्हणजे याच धातूपासून आलेलं पोलिश क्रियापद 'प्राच' कपडे धुण्यासाठी वापरतात. पूर्वी कपडे धोपटूनच धुवायचे ना!

गुंता होतो तो लिथुआनियन 'पेर्कूनास'मुळे. देव तोच, गडगडाटाचाच, पण मध्ये 'क' आहे. हे नाव बरेच अभ्यासक ओक वृक्षाच्या जुन्या शब्दाशी जोडतात, ज्यातून लॅटिन 'क्वेर्कुस' आला. आता स्लाव्हमध्ये तो 'क' गळला कसा, याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही. म्हणून काहीजण दोन्ही नावं मुळात वेगळी मानतात, आणि मलाही तेच पटतं.

ऋग्वेदातल्या पर्जन्याची अडचण 'ज'ची. एकच मूळ मानलं तर पेर्कूनासच्या 'क'जागी संस्कृतात 'क' किंवा 'च' यायला हवा होता. पाऊस आणि गडगडाट ही कामं जुळतात, म्हणून नातं सुचवलं जातं; ध्वनिनियम, म्हणजे भाषांतले ध्वनी बदलण्याचे ठरावीक नियम, मात्र साथ देत नाहीत.