जीआरईसाठी (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) अवघड इंग्रजी शब्द लक्षात राहत नाहीत. मी मराठी माध्यमाची आहे. रोज किती शब्द पाठ करू?

पाठांतर आधी बंद करा. शब्द आणि त्यापुढचा अर्थ घोकून इंग्रजी येत नाही.

तुम्ही माध्यम काढलंत म्हणून लिहायला बसले. मी लातूरहून पुण्याला क्लासला आले, तेव्हा आमचे सर म्हणाले होते, "मराठी मीडियमवाल्यांनी वाक्यांच्या भानगडीत पडू नका, लिस्ट तोंडपाठ करा." एकदा त्यांनी एकेकाला शब्द देऊन फळ्यावर वाक्य लिहायला लावलं. अख्खी लिस्ट पाठ असलेल्या एका कॉन्व्हेंटच्या मुलाला 'इनकर' (ओढवून घेणे) आला. त्याने लिहिलं, 'द कंपनी इनकर्ड ह्यूज प्रॉफिट्स.' सरांनी बरोबरची खूण केली. मी उभी राहिले. म्हटलं, सर, इनकर होतो तो खर्च, कर्ज, तोटा, नाहीतर कुणाचा रोष. नफा नाही. आपल्याकडेही संकट ओढवतं, बढती ओढवत नाही. सर म्हणाले, "मीनिंग बसतंय ना? तू आधी लिस्ट पूर्ण कर." वर्ग हसला. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. इंग्रजी पेपरच्या अर्थविषयक पानावर तो शब्द सारखा 'लॉसेस'च्या शेजारी दिसायचा.

जीआरईने ऑगस्ट २०११ मध्येच विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले. आता वाक्याचा रोख ओळखून गाळलेली जागा भरायची असते. तिथे नुसता अर्थ पुरत नाही.

म्हणून कार्डावर वाचनात आलेलं पूर्ण वाक्य लिहा, शब्दाची जागा रिकामी ठेवा, शब्द मागे. कार्डांसाठी ओळीने काही डबे करा. जमलेलं कार्ड पुढच्या डब्यात, चुकलेलं परत पहिल्या. पहिला डबा रोज, पुढचे वाढत्या अंतराने. कोणते शब्द आधी, तर भाषा-अभ्यासक ॲव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अकादमिक लेखनातून निवडलेली ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) बघा. 'इन्हेरंट' (अंगभूत), 'अल्बीट' (असं असलं तरी) असे शब्द त्यात भेटतात, ते आधी पक्के हवेत.

मराठी माध्यम आड येतं हे मला मान्यच नाही. कोणता शब्द कुणाशेजारी बसतो याचा कान तुम्हाला मराठीत आहेच, तोच इंग्रजीत तयार करायचा. सर, तुम्ही हे वाचत असाल तर फळ्यावरचं ते वाक्य तेव्हाही चूक होतं.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर मात्र यादी घ्यावीच लागेल, आणि कॉक्सहेडच्या यादीबाहेरचेही बरेच शब्द जीआरईला येतात. रोज किती, ते तुमच्या तारखेवर आहे. कालची चुकलेली कार्डं संपल्याशिवाय नवे शब्द घेऊ नका.