तंबोरा फरशीवर ठेवू नकोस

प्रश्न : ताई, मी राजारामपुरीत राहते, गायनात विशारद झालेय आणि कीबोर्डच्या परीक्षा पण दिल्यात. दक्षिण कोरियात, सोलमधल्या एका म्युझिक अकॅडमीकडून विचारणा आलीय, एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. बाबा म्हणतात जाऊन ये, आई म्हणते परक्या मुलखात एकटी कशी राहणार. तुम्ही तिकडं शिकवून आलाय, तर रोजचं जगणं कसं असतं आणि माझा रियाज सुटणार नाही ना, एवढं सांगा.

उत्तर : रियाजापासनंच सुरू करते, कारण खरी अडचण तीच आहे. तिकडं बहुतेक लोक उंच बिल्डिंगमधल्या फ्लॅटात राहतात आणि वरच्या-खालच्या मजल्याच्या आवाजावरनं इतकी भांडणं होतात की त्याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, छुंगगान सोउम. मी पहिल्याच आठवड्यात सवयीनं पहाटे सहाला तंबोरा लावून खर्ज भरायला बसले आणि भिंतीतला स्पीकर बोलायला लागला, बिल्डिंगच्या ऑफिसातनं. एक शब्द कळला नाही पण हे माझ्यासाठीच आहे हे कळलं, आणि रडू आलं. मग अकॅडमीतल्या एका बाईंनी योनसुपशिल दाखवली, म्हणजे तासावर भाड्यानं मिळणारी सरावाची खोली, आवाज बाहेर जात नाही, आत बहुतेक वेळा पियानो असतो. त्यानंतर दोन वर्षं माझा रियाज तिथंच झाला. घर बघशील तेव्हा स्टेशन किती लांब याच्या आधी ही खोली किती लांब ते बघ.

वेळ मिळतो, कारण दिवस दुपारी सुरू होतो. शाळा सुटली की पोरं पिवळ्या व्हॅनमधनं येतात, छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक पियानो, आणि वहीत दहा गोल काढून द्यायचे, धडा एकदा वाजवला की एक गोल रंगवायचा. माझ्याकडं सात वर्षांचा एक मुलगा होता, तीनदा वाजवून दहाही गोल रंगवायचा, मी बाहेरनं मोजत असायचे. एकदा न रागावता शेजारी बसले आणि उरलेले सात आम्ही दोघांनी मिळून वाजवले, दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही हातांनी मला एक संत्रं दिलं. तिकडं मोठ्यांना काही द्यायचं ते दोन्ही हातांनीच. शिक्षकाला सनसेंगनिम म्हणतात, १५ मेला शिक्षक दिन असतो, मान खूप आहे.

एक सुट्टी काढून नॅशनल गुगक सेंटरला, म्हणजे त्यांच्या पारंपरिक संगीताच्या केंद्रात, पानसोरी ऐकायला जाच, ते गाण्यातनं गोष्ट सांगणं असतं. एक गाणारी, एक ढोलवाला, बाकी काही नाही, आणि ऐकणारे मधेच ओल्सिगू, छोता म्हणून दाद देतात. आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबात गाण्याच्या मैफलीत समेवर जशी आपसूक वाह निघते ना अगदी तसं, मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण इथं राहू शकतो.

आता कागदपत्रं. सही करायच्या आधी व्हिसा कुठला मिळणार ते लेखी विचार, ई-२ सांगितला तर थांब, तो भाषा शिकवणाऱ्यांचा आहे, संगीताचा नाही. पोचल्यावर ९० दिवसांच्या आत परदेशी म्हणून नोंदणी करून कार्ड काढायचं. आणि व्हिसा ज्या संस्थेवर आहे तिथंच शिकवायचं, पोरांच्या आया प्रेमानं घरी शिकवणीला बोलावतील पण इमिग्रेशनच्या परवानगीशिवाय जाऊ नकोस, दंड होतो, देश पण सोडायला लागू शकतो.

खाण्याचं थोडक्यात, शाकाहारी असशील तर किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या भाजीत, बहुतेक वेळा मासळीचा अर्क असतो, विचारून घे.

तंबोरा मिरजेचा असेल तर मजबूत पेटी करून घे. तिकडच्या थंडीत घराची फरशीच खालनं तापवतात, वर हवा कोरडी, भोपळा तडकायला वेळ लागत नाही, त्यामुळं तो उंचावर, भिंतीपासनं लांब ठेवायचा. पावसाळ्यात उलटं, तबला असला तर पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरते.

आईला सांग, तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढं आहे, तू रात्री नऊला घरी आलीस की इथं साडेपाच वाजलेले असतात. माझी आई त्याच वेळी चहा ठेवायची आणि फोन ओट्यावर उभा करायची.