अमेरिकेत कॉलेज फुटबॉलला लाखभर लोक जमतात, मग विद्यार्थ्यांचेच बाक रिकामे का दिसतात?

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांचे सामने बघत मोठा झालो. एमएससाठी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फुटबॉलचं सीझन तिकीट काढलं. तिकडचा फुटबॉल वेगळा, चेंडू अंडाकृती आणि हातात धरून पळायचं, पण पोरांचं वेड ओळखीचं वाटलं. पहिल्या वर्षी एकही सामना चुकवला नाही. दुसऱ्या वर्षी निम्मे चुकवले, आणि माझे अमेरिकन वर्गमित्र माझ्याही आधी गळाले होते.

मुलं अशी गळतात याचा दोष लोक मोबाइलला देतात. मला ते पटत नाही. माझ्या मते खरं कारण टीव्ही आहे. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सामने दाखवण्यावरची एनसीएए या कॉलेजांच्या खेळ-संघटनेची मक्तेदारी मोडली. विद्यापीठं आपापले हक्क विकायला मोकळी झाली, आणि पुढे सामन्याचं सगळं वेळापत्रकच टीव्हीवाल्यांकडे गेलं. शनिवारचा सामना किती वाजता, हे कधी बारा दिवस आधी कळतं, कधी फक्त सहा. घड्याळात खेळ साठ मिनिटांचा, पण उठायला साडेतीन तास. मध्येमध्ये जाहिराती लागतात तेव्हा खेळाडू नुसते उभे. घरी बसलेला माणूस तेवढ्यात चहा करून घेतो. तुम्ही नोव्हेंबरच्या थंडीत ॲल्युमिनियमच्या बाकावर कुडकुडत बसायचं. शिवाय काही ठिकाणी मधल्या चांगल्या जागा देणगीदारांना देऊन मुलांना गोलाच्या मागे सरकवलंय.

मुलांना परत आणायचे उपायही बघा. मिशिगन विद्यापीठाने २०१३ साली ठरलेल्या जागा बंद करून 'जो आधी येईल तो पुढे बसेल' असा नियम केला. मुलं चिडली. पुढच्याच वर्षी नियम बदलावा लागला, तरी त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या तिकिटांची विक्री कोसळली. शेवटी २०१५ साठी सीझन तिकीट २९५ डॉलरवरून १७५ वर आणलं. अलाबामा तर सतत जिंकणारा संघ, तरी तिथे मुलं अर्ध्यातून उठून जातात म्हणून प्रशिक्षक निक सेबन जाहीर नाराजी व्यक्त करायचे. २०१९ मध्ये तिथे ॲप आलं. सामन्याला आलात तर १०० गुण, चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत थांबलात तर आणखी २५०, आणि तुम्ही स्टेडियममध्ये आहात की नाही हे फोनच्या लोकेशनवरून तपासणार. मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत या गुणांवरून प्राधान्य. मला हे वाचून वाईट वाटलं. ज्यांच्या नावाने हा खेळ चालतो, त्यांचीच हजेरी घ्यायची वेळ आली.

पण ओढ संपलीय असं मला वाटत नाही. दुसऱ्या वर्षीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना मी मित्राच्या खोलीत बघत होतो. स्टेडियम तिथून जवळच. टीव्हीवर चित्र काही सेकंद उशिरा येतं, त्यामुळे आरडाओरडा आधी खिडकीतून ऐकू यायचा आणि टचडाउन, म्हणजे तिकडचा गोलच म्हणा, मागाहून दिसायचं. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मित्राने टीव्ही बंद केला. आम्ही जॅकेटं चढवली आणि चौथ्या क्वार्टरला आत जाऊन उभे राहिलो.