मध्यरात्रीच्या मिस्सेचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: उपासना समिती यंदाच नवी झाली, २८ नोव्हेंबरला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार आला, चर्च ७ ऑक्टोबरपासून उघडी आहेत, कोविडच्या केसेस कमी आहेत. मग २०२१ चा नाताळ पूर्वीसारखा धूमधडाक्यात करायचा की गेल्या वर्षीसारखा हात आखडून, आणि मध्यरात्रीची मिस्सा (वेदीवरचा मुख्य उपासनाविधी) ठेवायची का? सॅक्रिस्टीत (मिस्सेच्या तयारीच्या खोलीत) आणि क्वायरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, मागे बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी काय झालं ते आधी आठवा. १६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळं उघडली, २९ ला आगमनकाळ सुरू झाला, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि २१ डिसेंबरला जाहीर झालं की २२ पासून महापालिका हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी. वर चर्चमध्ये ५० माणसांची मर्यादा. ज्यांनी वाचक, गायक, रोषणाई, केक सगळं २४ तारखेच्या बारा वाजताच्या एका मिस्सेला बांधून ठेवलं होतं, ते दोन दिवस नुसते फोनवर होते. तेव्हा वेळापत्रक असं आखा की उद्या हुकूम आला तर फक्त कापाकापी करावी लागेल, नव्याने मांडणी नाही.

म्हणजे कसं? २४ ला संध्याकाळी पाचला लहान मुलांच्या घरांसाठी एक मिस्सा, साडेसातला रात्रीची, २५ ला सकाळी दोन किंवा तीन मिस्सा, भाषेप्रमाणे वाटून. आपल्याकडे मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठे तमिळ, अशी माणसं असतात. भाषेने गर्दी आपोआप विभागली जाते, त्याचा फायदा घ्या. रात्रीच्या मिस्सेला बाराचा ठोका लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी गेल्या नाताळला सेंट पीटर्समध्ये ती संध्याकाळी साडेसातला केली, कारण रोममध्येही दहाला संचारबंदी होती. ज्येष्ठ मंडळी कुरकुरली तर एवढं सांगा, निम्मी गप्प होतात. परिस्थिती खरंच निवळली तर २० तारखेनंतर बाराची मिस्सा वाढवता येईल. वाढवायला कुणाची ना नसते.

मिस्सा वाढवल्या की भार फादरांवर येतो, हे समितीच्या ध्यानात राहत नाही. गेल्या वर्षी १६ डिसेंबरला रोमहून आदेश निघाला होता, की महामारीमुळे बिशप आपल्या धर्मगुरूंना नाताळ, १ जानेवारी आणि तीन राजांच्या सणाला दिवसाला चार मिस्सांची परवानगी देऊ शकतात. यंदाचं काय, ते आर्चबिशप हाऊसला आत्ताच विचारून घ्या. आणि परवानगी मिळाली म्हणून साठीच्या फादरांकडून चार करून घेऊ नका. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवरून, जिथे धर्मगुरूंचं प्रशिक्षण होतं, कुणी धर्मगुरू मदतीला येऊ शकतील का, हे नोव्हेंबरातच विचारा. डिसेंबरात सगळेच विचारतात. दोन मिस्सांमध्ये निदान एक तास ठेवा, बाहेर जायचं दार वेगळं ठेवा, म्हणजे येणारे-जाणारे दारात गळाभेटी घेत उभे राहणार नाहीत. राहतातच म्हणा, पण कमी.

यंदाचा आणखी एक पेच: नाताळ शनिवारी आहे आणि २६ ला रविवार, पवित्र कुटुंबाचा सण. २५ च्या संध्याकाळी मिस्सा ठेवलीत तर ती नाताळचीच असेल, आणि एकाच मिस्सेत नाताळ आणि रविवार दोन्ही आटोपले असं होत नाही. हे दोन रविवार आधीपासून सूचनांमध्ये सांगा. स्वयंसेवकांची यादी तीन दिवसांची करा, २४ ला राबलेले २६ ला येणार नाहीत हे धरूनच.

आता आगमनकाळ. नाताळच्या नादात हे चार रविवार कोरडे जातात, आणि खरं सांगायचं तर महामारीत सोपं आणि सुंदर असं जे काही करता येतं ते इथेच आहे. आगमनकाळाच्या चक्रातल्या (हिरव्या पानांच्या गोल चक्रात लावलेल्या) चार मेणबत्त्या दर रविवारी एकेका कुटुंबाने पेटवाव्यात: तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारी, म्हणजे १२ डिसेंबरला, गुलाबी. रंगीत मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना फीत बांधा. मात्र एक नीट बघा. दारात सॅनिटायझर चोळून ते कुटुंब थेट वेदीपाशी येतं आणि हातात काडी धरतं. त्यात अल्कोहोल असतं, ओल्या हातावर भडका उडू शकतो. पेटवणाऱ्यांना साबणाने हात धुवायला लावा आणि लांब वातीची पेटवणी द्या. फादरांनाही तेच: ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) वाटण्याआधी हात पूर्ण वाळू द्या, वेदीवरच्या मेणबत्त्या जवळच असतात.

या काळात ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाचं स्तोत्र, म्हणत नाहीत, आलेलुया मात्र राहतो. त्याचा क्वायरला उपयोग करून घ्या. मोठा क्वायर नकोच. एक गायक किंवा गायिका स्तोत्र म्हणेल, लोक मास्कमधून ध्रुवपद म्हणतील, चार आठवडे एवढंच. मग २४ च्या रात्री ग्लोरियाला घंटा वाजली की चार-सहा गळ्यांतही तो भरून येतो. गायक लांब लांब उभे करा, प्रत्येकाला वेगळा माइक, आणि दारं-खिडक्या उघड्या. नागपूरची डिसेंबरची रात्र तुम्हाला सांगायला नको. शाली आणा म्हणून आधी सांगा, नाहीतर पहिल्या वाचनाआधी कुणीतरी उठून खिडकी लावतं. गाण्याची पुस्तकं बाकांवरून उचला, शब्द व्हॉट्सअॅपवर द्या. रेकॉर्ड लावून गाणी नकोत, त्यापेक्षा वाचून म्हटलेली मिस्सा बरी.

कन्फेशनसाठी (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) बंद पेटी वापरू नका. आवारात झाडाखाली किंवा व्हरांड्यात दोन खुर्च्या, मध्ये अंतर, दोघांनाही मास्क, रांग लांब. शेवटच्या आठवड्यात झुंबड उडते, म्हणून दुसऱ्या रविवारपासून वॉर्डाप्रमाणे दिवस द्या. सामुदायिक पापक्षमा द्यायची का, हा समितीचा विषय नाही, बिशपांचा आहे.

गव्हाणी (क्रिब, येशूजन्माचा देखावा) बाहेर मांडा. आत मांडली की मिस्सेनंतर तिच्याभोवती कोंडाळं होतं आणि बाळ येशूचं चुंबन घ्यायला आज्या पुढे येतात. यंदा चुंबन नाही, हात जोडून नमन. "काकू, क्रिब होऊन राहिली ना यंदा?" असं पोरं आत्तापासून विचारतात, त्यांनाच कामाला लावा. आणि ९ जानेवारीला, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत ती राहणार आहे हे फलकावर लिहा, म्हणजे सगळं गाव २५ लाच लोटणार नाही.

घरी राहणाऱ्यांसाठी लाइव्ह करत असाल तर आवाज मिक्सरमधून घ्या, फोनच्या माइकवर पंखा आणि खोकलाच ऐकू येतो. फोन एका जागी ठेवा. कुणीतरी तो घेऊन वेदीभोवती फिरत असतं, ते बंद करा. पण लाइव्ह केलं म्हणजे आजारी माणसांचं झालं असं नाही. २० ते २३ दरम्यान घरोघर ख्रिस्तप्रसाद न्यायची यादी करा. नाव नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म ठेवलात तरी ऑफिसात एक वहीही ठेवा; ज्यांना फॉर्म भरता येत नाही तेच दर रविवारी न चुकता येणारे असतात.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही परिपत्रकात नाही. या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आपल्या शहरात काय झालं ते तुम्हीही बघितलंय. कित्येक घरांनी मोजक्या चार माणसांत माती दिली, नीट मिस्सा झालीच नाही. त्या घरांचा हा पहिला नाताळ. विश्वासू जनांच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी एक प्रार्थना ठेवा, नावं वाचायची तर घरच्यांना आधी विचारा. काहींना ऐकायची असतात, काहींना अजून सोसत नाहीत. त्यांच्यापैकी कुणाला चक्रातली मेणबत्ती पेटवायला बोलावता आलं तर बोलवा, पण गळ घालू नका. कॅरल घेऊन जाणाऱ्या पोरांना अशी घरं आधी सांगून ठेवा. फाटकाबाहेर एक शांत गाणं म्हणावं, ढोल नको.

राहिला खाऊ. केक कापून वाटणं यंदाही नको. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री त्या वेळी बाजारात असतात, साल देवानेच घातलेली, पॅकिंगचा खर्च नाही. एकेक हातात द्या आणि सोलायचं घरी जाऊन, असं दारातच सांगा, नाहीतर सालं आवारभर होतात आणि २६ ला सकाळी झाडायला कुणी नसतं.