प्राण्यांची चित्रं रंगवून मुलांना मुळाक्षरं येतात का?

तुम्ही विचारलंय की मुलगी चार वर्षांची आहे, प्राण्यांची रंगवायची पुस्तकं भराभर संपवते पण अक्षर विचारलं की गप्प बसते, मग याचा काही उपयोग आहे का. उपयोग नक्की आहे, पण नुसता हत्ती रंगवला म्हणून ह येत नाही हो. मी सोलापुरात पूर्व भागात बालवाडी चालवते, रोज हेच काम, त्यामुळं जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे त्या प्राण्याला लेकरू घरात काय म्हणतं ते बघा. आमच्याकडं अर्ध्याहून जास्त घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, आता अशा मुलापुढं मांजराचं चित्र ठेवून म म्हणायला लावलं तर ते 'पिल्ली' म्हणणार, कारण तेलुगूत मांजर म्हणजे पिल्ली, आणि त्याच्या डोक्यात प वाजतोय. हत्तीला ते 'एनुगु' म्हणतं, कन्नड घरातलं 'आने' म्हणतं. ते चुकत नाहीये, त्याला हत्ती हा शब्द आधी कानावर पडायला पाहिजे. म्हणून रंग हातात द्यायच्या आधी मी त्या प्राण्याची गोष्ट सांगते, चाल करून दाखवते, नाव दहादा तोंडात येऊ देते, मगच कागद.

दुसरं, प्राणी निवडताना नावाचं पहिलं अक्षर मोकळं पाहिजे, म्हणजे काना मात्रा वेलांटी नको. बाजारातल्या बऱ्याच पुस्तकांत व ला वाघ असतो, पण मुलाला ऐकू येतो वा. घ ला घोडा, तिथं घो. मोठ्यांना यात काही वाटत नाही पण चार वर्षांच्या मुलाला हे खरंच अवघड जातं. त्यापेक्षा हत्ती, हरण, ससा, मगर, बदक, गरुड, अजगर, कबूतर हे घ्या. कासव, कावळा, काळवीट हे काना शिकवताना कामाला येतात. काळवीट तर आमच्या नान्नजच्या माळावर आहेत, माळढोकसाठी १९७९ साली झालेलं ते अभयारण्य, मुलांना एकदा नेऊन आणा, नंतर ते चित्र किती मन लावून रंगवतात बघा.

आणि प्रत्येक अक्षराला प्राणीच पाहिजे असा हट्ट करू नका. मी वळणाप्रमाणे ग म भ न असं घेते, ग ला गरुड, म ला मगर मिळतात पण भ ला मोकळा प्राणी कुठून आणायचा, तिथं सरळ भजी. न ला नळ, आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळं हा शब्द पोरांना न शिकवताच पाठ असतो. ण आणि ळ ने तर शब्द सुरूच होत नाही, तिथं हरणातला शेवटचा ण आणि बगळ्यातला ळ रंगवायला द्या. च आणि ज जरा जपून, चिमणीतला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा, दोन्ही एकाच दिवशी देऊ नका.

आता रंगवायचं काय, तर प्राण्यापेक्षा अक्षर जास्त. कोपऱ्यात बारीक ह छापलेला असतो त्याच्याकडं मूल बघतसुद्धा नाही. मी कोऱ्या कागदावर हातानं अर्धं पान भरेल असा जाड पोकळ ह काढते, खालचं वळण लांब ओढून त्याची सोंड करते, वर एक डोळा आणि बाजूला सुपाएवढा कान, आणि झेरॉक्स काढून वाटते. मूल वरून सुरुवात करून रंग भरत खाली सोंडेपर्यंत येतं आणि तोंडानं ह ह ह चालू असतं, रंग भरता भरता ह चं वळण हातात बसतं. अमेरिकेत लिनिया एरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये यावरच अभ्यास मांडला होता, चित्रातच अक्षराचा आकार बसवला तर मुलांच्या जास्त लक्षात राहतं, चित्र नुसतं शेजारी असलं तर तेवढा फायदा होत नाही. सगळ्या अक्षरांना असं जमत नाही, जिथं जमतं तिथं जरूर करा.

खडूचे तुकडे करून द्या, अखंड खडू मुलं मुठीत धरतात, तुकडा आपोआप चिमटीत येतो आणि पुढं पेन्सिल धरायला तेच लागतं. हत्ती जांभळा झाला, रंग रेघेबाहेर गेला तर अजिबात टोकू नका. घ आणि ध, भ आणि म असल्या जोड्या एका आठवड्यात आणू नका. आणि पान झालं की लगेच 'हे काय सांग' म्हणून परीक्षा घेऊ नका, दुसऱ्या दिवशी रस्त्यानं जाताना दुकानाच्या पाटीवर ह दिसला की तिलाच शोधू द्या.

घरी कुठली भाषा बोलता आणि मुलीला कुठले प्राणी आवडतात ते खाली लिहा, पहिली आठ-दहा अक्षरं कुठल्या चित्रांनी घ्यायची ते मी सांगते.